हाताजोगी मूठ

मराठीत ‘मूठ’ हा शब्द दोन गोष्टींना सारख्याच सहजपणे लागू पडतो. पाच बोटे मिटली की होते ती मूठ. आणि त्या मिटलेल्या बोटांत तलवारीचा, विळ्याचा किंवा खुरप्याचा जो भाग सामावतो, तीही मूठच. संस्कृतात तलवारीच्या मुठीला ‘त्सरु’ असा स्वतंत्र शब्द आहे. परंतु ‘मुष्टी’पासून आलेल्या आपल्या घरगुती शब्दाने धरणारा हात आणि धरली जाणारी वस्तू यांत भेद मानलेला नाही. ज्या काळी हा शब्द असा रुळला त्या काळी तो भेद बहुधा फारसा नव्हताही. गावचा सुतार कुऱ्हाडीला दांडा बसवी तेव्हा धन्याला तो धरून पाहायला सांगे, आणि धन्याने मान हलविली की पुन्हा तासू लागे. जात्याचा खुंटा दळणाऱ्या बाईच्या हाताला रुतू नये एवढा गुळगुळीत आणि तिच्या बोटांत मावेल एवढाच जाड असे. पुढे अवजारे कारखान्यात घडू लागली. तेथे धनी कोण हे ठाऊक नसते, त्यामुळे मूठ कोणा एकाच्या हाताची न राहता ‘सर्वसाधारण’ हाताची झाली. हा सर्वसाधारण हात कोणाचा, हे मात्र अद्याप कोणी सांगितलेले नाही.

या महिन्यात ज्या मुठीविषयी लिहिण्याचे योजिले आहे ती आहे नेमबाजीच्या पिस्तुलाची. कुटुंबाच्या मासिकात पिस्तूल कशाला, असे काही वाचकांच्या, विशेषतः आजी-आजोबांच्या मनात येईल. परंतु हे पिस्तूल खेळाचे आहे. त्यातून सुटणारा साडेचार मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा कागदाला किंवा विजेवर चालणाऱ्या लक्ष्यफलकाला भेदण्यापुरताच असतो. आणि हा खेळ आता आपल्या घरांना परका राहिलेला नाही. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली; कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या; कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ साली पिस्तूल हाती घेऊन आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले आणि त्या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय स्त्री हा मान मिळविला; आणि २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. बडोद्यात माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे नाव घेतले की जुन्या मंडळींना लाठी आणि लेझीम आठवते. त्याच मंडळींची नातवंडे आज रविवारी सकाळी एखाद्या नेमबाजीच्या क्लबात जातात, हा काळाचा फरक आहे; शरीर आणि मन एकत्र बांधण्याची हौस तीच आहे.

या खेळात मुठीला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलाने १० मीटर अंतरावरून नेम धरावयाचा असतो. लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचे जे वर्तुळ असते त्याचा व्यास अवघा साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा. पिस्तूल एकाच हाताने, तो हात खांद्यापासून सरळ पुढे करून, कशाचाही आधार न घेता धरावे लागते. त्याचे वजन सुमारे एक किलो असते. नियमाप्रमाणे ते दीड किलोपेक्षा अधिक असू नये. असे ७५ मिनिटांत ६० बार. नळीच्या पुढच्या टोकाशी असलेली माशी आणि मागची खाच यांत सुमारे ३५ सेंटिमीटर अंतर आहे असे धरले, तर माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली की दहा मीटरवर छर्रा सुमारे २९ मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे दहाच्या जागी सात. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या कडेला राहिलेला मळ! एवढी चूक डोळ्याला दिसते न दिसते, तोच घडून गेलेली असते.

ही चूक बहुतेक वेळा डोळ्याची नसतेच. ती मुठीची असते. मूठ हाताला बरोबर बसली असेल तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बेचका मुठीच्या वरच्या मागच्या टोकाशी घट्ट भिडतो. मधले बोट चापाच्या कडीखाली अंग चोरून बसते. अनामिका त्याला साथ देते. करंगळी आणि अंगठा नुसते सोबतीला असतात, त्यांनी जोर करावयाचा नसतो. तर्जनी मात्र या सर्वांपासून अलिप्त असते. तिने लाकडाला शक्य तो स्पर्शही करू नये, आणि पहिल्या पेराच्या मध्याने चाप सरळ मागे ओढावा, अशी अपेक्षा असते. तळहाताच्या कडेखाली एक लहानशी फळी असते; तिच्यावर हात विसावतो. हे सारे जुळून आले की एक साधी परीक्षा करता येते. रिकामे पिस्तूल सुरक्षित दिशेला रोखून, डोळे मिटून हात खाली आणावा, पुन्हा वर न्यावा आणि डोळे उघडावेत. माशी आपोआप खाचेच्या मधोमध उभी असेल तर मूठ आपली. ती दर खेपेला एकाच बाजूला कललेली आढळली तर मूठ परक्याची. आणि मग प्रत्येक बाराला मनगट वळवून तिची समजूत घालावी लागते. साठ वेळा घातलेली समजूत साठ वेळा सारखी कशी राहणार?

कारखान्यातून येणारी मूठ साधारणपणे लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांत, उजवी आणि डावी अशा दोन जातींत मिळते. बहुधा ती अक्रोडाच्या लाकडाची असते. तीन मापे म्हटली की पुष्कळ वाटतात. परंतु माझ्या शाळेतल्या एकाच वर्गात चाळीस जोडी हात आहेत, आणि तळहाताची रुंदी, बोटांची लांबी, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा यांचा मेळ कोणत्याही दोघांचा सारखा नाही. लांबसडक बोटांना अरुंद तळवा असतो. रुंद पंजाला आखूड अंगठा असतो. कोणाची करंगळी आत वळलेली असते, कोणाच्या बोटांची दोन पेरे जुळलेली असतात. कोणाला कामात बोट गमवावे लागलेले असते, आणि उतारवयात तर सांध्यांची सूज कोणाला चुकत नाही. दोन टोकांच्या मध्ये माप घेतले की कोणाचेच माप घेतले जात नाही, हे ज्याने गणवेश एकगठ्ठा शिवून घेतले आहेत त्या प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाला काय उत्तर दिले होते, ते पाहावयाचे असेल तर लक्ष्मीविलास राजवाड्यातला शस्त्रसंग्रह पाहावा. सहलीला नेलेली मुले तेथल्या तलवारींच्या मुठी पाहून हमखास विचारतात, “सर, त्या काळच्या माणसांचे हात एवढे लहान होते का?” हात लहान नव्हते, धरण्याची रीत वेगळी होती. मुठीच्या खालची गोल चकती मनगटाशी टेके, वरच्या आडव्या पट्टीवर तर्जनी आकडीसारखी चढविली जाई, आणि उरलेली बोटे त्या दोन टोकांच्या मध्ये अशी घट्ट बसत की हात आणि पाते एकजीव व्हावेत. सैल मूठ लढाईत घात करते, म्हणून मूठ आवळच हवी. एवढे करूनही हातात फरक राहणारच, म्हणून मुठीच्या आतल्या बाजूस कापडाची गादी बसवीत. ती हवी तेवढी जाड करता येई. दांडपट्ट्याला तर सबंध पंजा झाकणारे पोलादी आवरण आणि त्याच्या आत आडवी मूठ. शस्त्रकाराने पाते एका घाटाचे घडवावे, परंतु हात आणि पाते यांच्यामध्ये जी दोन बोटांची जागा उरते ती धन्याच्या हातासाठी राखावी, असा हा व्यवहार होता. पिस्तुलाच्या मुठीचे शास्त्रही त्याहून फारसे निराळे नाही.

हे सारे मला कळले ते एका विद्यार्थिनीमुळे. आमच्या शाळेत नववीत शिकणाऱ्या या मुलीच्या उजव्या तर्जनीचे शेवटचे पेर जन्मतःच नाही. वडील एका कारखान्यात फिटर, घर साधे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण या मुलीने शब्दशः आचरणात आणली होती. वर्गात तिचा उजवा हात ओढणीखाली असे, फळ्यावर गणित सोडविण्यासाठी ती डाव्या हातात खडू घेऊन येई, आणि सामूहिक छायाचित्रात नेहमी मागच्या रांगेत उभी राही. अशा मुलीने मामेभावाबरोबर क्लबात जाऊन पिस्तूल धरले, आणि ती त्यात रमली, हे आम्हां शिक्षकांना नवलच होते. कारण या खेळात हात झाकता येत नाही. तो सर्वांसमोर ताणून धरावा लागतो.

परंतु तिचे छर्रे नेहमी डावीकडे जात. कारण उघड होते. आखूड तर्जनी चापापर्यंत जेमतेम पोहोचे. टोकाने ओढलेला चाप सरळ मागे न येता पिस्तुलालाच डावीकडे ढकली. ते टाळण्यासाठी ती पंजा मुठीभोवती पुढे वळवी, मग मनगट पिळे, मग माशी कले. क्लबातल्या शिक्षकांनी प्रामाणिकपणेच सांगितले की, हा हात पिस्तुलाचा नाही. रायफल घे, नाही तर डाव्या हाताने सुरुवात कर. ती माझ्याकडे आली ती शाळेच्या कामाला, आणि जाता जाता दारात थांबून म्हणाली, “सर, हात तर बदलता येणार नाही. मूठ बदलता येते का?”

डाव्या हाताचा सल्ला चुकीचा होता असे नाही. त्याला मोठा इतिहास आहे. हंगेरीचा कारोय ताकाच हा सैनिक उत्तम पिस्तूलबाज होता. १९३८ साली हातबाँब हातातच फुटून त्याचा उजवा पंजा निकामी झाला. त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताचा सराव केला, पुढच्याच वर्षी आपल्या देशाचे अजिंक्यपद मिळविले, आणि १९४८ साली लंडनला व १९५२ साली हेलसिंकीला, अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये जलद पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. आपल्याकडे हरियाणातल्या फरिदाबादचा मनीष नरवाल जन्मापासून उजव्या हाताने अधू. त्याने डाव्या हाताने पिस्तूल धरून टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये, सप्टेंबर २०२१ मध्ये, ५० मीटर पिस्तुलाचे सुवर्ण मिळविले, आणि २०२४ साली पॅरिसला १० मीटरच्या स्पर्धेत रौप्य. ही दोन्ही उदाहरणे मी त्या मुलीला सांगितली. पण या दोघांपुढे दुसरा मार्गच नव्हता. हिचा उजवा हात बळकट होता, नेम धरणारा डोळाही उजवाच होता, आणि उणीव होती ती एका पेराची, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटरची. दोन सेंटिमीटरसाठी सबंध हात टाकून द्यावयाचा, की आधी लाकडाला विचारून पाहावयाचे?

१८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने जेथे कलाभवन उभे राहिले, त्या शहरात लाकडाला विचारणारा माणूस मिळणे अवघड नव्हते. शाळेची बाके दुरुस्त करणारे आमचे वृद्ध गुजराती मिस्त्री हे ते गृहस्थ. त्यांना पिस्तुलातले काही कळत नव्हते, आणि ते त्यांनी पहिल्यांदाच सांगून टाकले. मी क्लबाच्या मुठीचे माप काढू लागलो तेव्हा मात्र त्यांनी मला थांबविले. “साहेब, पहिले हात. लाकूड पछी.”

मग हात मोजला गेला. कागदावर पंजा पसरून त्याची बाह्यरेषा काढली; बेचक्यापासून तर्जनीच्या टोकापर्यंतचे, तळव्याच्या रुंदीचे आणि मधल्या बोटाच्या लांबीचे माप घेतले. त्या मुलीने आपला हात टेबलावर उघडा ठेवून अर्धा तास परक्या माणसाला मोजू दिला, हीच माझ्या मते त्या दिवसाची मोठी घटना होती. क्लबाची मूठ तासून बिघडविण्याचा प्रश्न नव्हता. मूठ एका स्क्रूने पिस्तुलाला जोडलेली असते. क्लबाच्या चालकांनी ती काढून आठवडाभर वापरू दिली. पिस्तूल क्लबाच्या कपाटातच राहिले. शाळेत किंवा सुताराच्या दुकानात ते नेण्याचे कारणच नव्हते. मिस्त्रींनी त्या मुठीबरहुकूम आतली खाच पाडून शिसवीची दुसरी मूठ घडविली आणि तिच्यावर प्रयोग सुरू झाले.

ज्यांच्या घरी असा प्रश्न असेल त्यांच्यासाठी ही रीत थोडी सविस्तर सांगतो. पहिले काम काढून टाकण्याचे. बोट आखूड असेल तर हात चापाजवळ आला पाहिजे. म्हणून मुठीची मागची बाजू आणि तर्जनीच्या मुळाखालचा उजवा गाल तासून पातळ करावा लागतो. कोठे तासावे हे डोळ्यांनी ठरवू नये. तळहाताला तेलात कालवलेले कुंकू पातळसे लावून मूठ धरावी. जेथे लाल डाग गडद उठेल तेथे लाकूड अधिक आहे, जेथे डाग मुळीच उठणार नाही तेथे पोकळी आहे. अर्धगोल कानशीने थोडेसे घासावे, पुन्हा धरून पाहावे. याच वेळी पिस्तुलातला चाप मागे-पुढे सरकविण्याची जी सोय असते तिचाही उपयोग करावा. तेथे काही मिलिमीटर फुकट मिळतात.

दुसरे काम भर घालण्याचे. या मुलीची तर्जनी आखूड, परंतु मधले बोट आणि अनामिका पुऱ्या लांबीची. मागची बाजू पातळ होताच ती दोन बोटे मुठीला वळसा घालून अंगठ्याच्या मुळाशी टेकू लागली, आणि पकड सैल झाली. तेव्हा पुढच्या बाजूस भर घालावी लागली. यासाठी नळाची गळती बंद करायला आपण वापरतो तो दोन वड्या मळून लावावयाचा एम-सीलसारखा लांबी-मसाला उत्तम. तो लाकडावर थापून, वर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून मूठ हलकेच धरावी. काही तासांत दगडासारखा होतो, आणि मग लाकडासारखाच घासता येतो. एका वेळी गव्हाच्या पोळीएवढाच थर द्यावा.

येथे एक मोह टाळावा लागतो. ओल्या मसाल्यात बोटे खोल रुतवून हुबेहूब साचा घ्यावा, म्हणजे मूठ हातात अगदी फिट्ट बसेल, असे कोणालाही वाटेल. परंतु साचा घेताना आपण मूठ आवळतो, आणि नेम धरताना ती तशी आवळत नाही. तेव्हा तो साचा भलत्याच हाताचा होतो. शिवाय हात ही जिवंत वस्तू आहे. बडोद्याच्या मे महिन्यात तो फुगतो, जानेवारीच्या पहाटे आक्रसतो. बोटाबोटांच्या मधले उंचवटे राखले तर मे महिन्यात ते टोचतात. म्हणून आधार द्यावा, कैद करू नये. मसाला वाळल्यावर हे उंचवटे घासून काढावेत, आणि घाम येणाऱ्या हातासाठी पृष्ठभागावर टोच्याने बारीक खवले पाडावेत.

तिसरी गोष्ट नियमांची. मूठ हवी तशी वाढविता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हवेचे पिस्तूल मुठीसह ४२ सेंटिमीटर लांब, २० उंच आणि ५ रुंद अशा पेटीत बसले पाहिजे. मुठीच्या कोणत्याही भागाने मनगटाला आधार देता कामा नये. तळव्याखालची फळी वर वळवून हाताला मिठी घालता येत नाही. चाप किमान ५०० ग्रॅमचा भार उचलणारा हवा. हे नियम मला योग्य वाटतात. साधनाने हातापर्यंत यावे, परंतु हाताचे काम स्वतः करू नये, एवढीच रेषा त्यांनी आखली आहे. शिक्षणातही सवलत आणि कॉपी यांच्यात हीच रेषा असते.

आता हेच काम परदेशात कागदावरची पंजाची रेषा पाठवून करून घेता येते; संगणकाने हाताचे चित्र घेऊन यंत्रावर मूठ छापणारेही आहेत. ज्यांना परवडते त्यांनी ते जरूर करावे. आपल्याकडची हीना सिधू हिच्या घराण्यात वडील नेमबाज आणि काका बंदुका दुरुस्त करून त्यांना हवा तो घाट देणारे कारागीर. स्वतः ती शिक्षणाने दंतवैद्य. २०१४ साली हवाई पिस्तुलात जगातला पहिला क्रमांक तिच्या नावावर लागला. तिच्या यशाचे श्रेय तिच्या साधनेला आहे. पण हातातले साधन ज्या घरात निमूट मान्य केले जात नाही, उघडून पाहिले जाते, अशा घरात ती वाढली, ही गोष्टही मला ध्यानात ठेवण्याजोगी वाटते. दंतवैद्याकडे दातांचे माप घेण्याचा मसाला असतो, कृत्रिम अवयव बनविणाऱ्या केंद्रात हातांची जाण असलेली माणसे असतात, आणि सुतार तर प्रत्येक पेठेत आहे. साधने घराजवळ असतात. त्यांना एका टेबलाशी बसवावे लागते.

आमच्या मुठीला तीन महिने लागले. दर रविवारी ती मुलगी नवी मूठ घेऊन क्लबात जाई, शे-दीडशे बार करी, आणि सोमवारी मधल्या सुटीत कुठे टोचते, कुठे हलते याची टिपणे मला आणून देई. पाचव्या आठवड्यात फार तासले गेले आणि पुन्हा भर घालावी लागली. सातव्या आठवड्यात तळव्याखालची फळी दोन मिलिमीटर खाली आणली आणि एकाएकी डोळे मिटूनही माशी खाचेत उभी राहू लागली. पूर्वी तिचे दहा छर्रे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरत. आता ते वाटीत मावतात. ही कथा पदकाने संपत नाही. जिल्ह्याच्या निवडीत या वर्षी तिचे नाव लागले नाही. तिच्याहून चांगला नेम धरणाऱ्या मुली होत्या, आणि त्या तिच्या पुढे गेल्या, हे न्यायाचेच झाले. घरी आल्यावर तिने आईला एवढेच सांगितले की, आज चुका झाल्या त्या माझ्या होत्या. आईने ते मला काळजीच्या सुरात सांगितले. मला मात्र त्यात काळजीचे काही दिसले नाही. आपली चूक आणि आपल्या हातात दिलेल्या वस्तूची चूक यांतला फरक ज्या मुलाला कळतो, ते मूल अभ्यासही निराळ्या रीतीने करू लागते.

त्यानंतर मी शाळेत एकदा हिंडून पाहिले. लिहिण्याची फळी जोडलेल्या खुर्च्या सर्व उजव्या हाताच्या. कार्यानुभवाच्या पेटीतल्या कात्र्या उजव्या हाताच्या. प्रयोगशाळेतला स्टूल एकाच उंचीचा. बाके दुसरीच्या मुलाला आणि आठवीच्या मुलाला तीच. या प्रत्येक वस्तूपुढे कोणी ना कोणी मूल निमूटपणे वाकडे बसते, आणि आपण त्याच्या वहीवर ‘अक्षर सुधारा’ असा शेरा लिहितो. सर्व वस्तू बदलणे सरकारी शाळेच्या हाती नसते. परंतु वाचकहो, शेरा लिहिण्यापूर्वी एकदा त्या मुलाच्या शेजारी बसून ते कसे धरते, कसे बसते हे पाहणे आपल्या हाती आहे. घरातही तसेच. विळीवर भाजी चिरताना डावखुऱ्या सुनेचा हात अवघडतो, आजोबांच्या सुजलेल्या बोटांत चमचा ठरत नाही, तेव्हा चमच्याच्या दांड्याभोवती कापडाची पट्टी गुंडाळायला कितीसा वेळ लागतो?

त्या मुलीचे वय चौदा. हात अजून वाढतो आहे. यंदाची मूठ तिला फार तर वर्षभर पुरेल, असा मिस्त्रींचा अंदाज आहे. त्यांनी त्याच शिसवीचा एक ठोकळा बाजूला काढून ठेवला आहे, आणि त्यावर पेन्सिलीने तिचा हजेरीपटातला क्रमांक लिहून ठेवला आहे.